चार वाजताची भूक

लातूर जिल्ह्यातल्या एका आईनं विचारलंय: मुलगा ६ वर्षांचा, पहिलीत आहे. सकाळी चहा-बिस्कीट. डब्यातली पोळी अर्धी परत येते. शाळेतून आला की आजी १० रुपये देते, त्याची तो दोन पाकिटं आणतो आणि रात्री वरण-भाताचे दोन घास खाऊन उठतो. रंग आणि रसायनांबद्दल वाचून या ताईंनी एका रविवारी सगळं एकदम बंद केलं. लेकरानं दोन दिवस नीट खाल्लं नाही, सासूबाई चिडल्या आणि तिसऱ्या दिवशी पाकीट घरात परत आलं. "बिनरसायनाचं काय खाऊ घालू, आणि तो ते खाईल कसं? शिवाय पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस आहे, तेव्हा केकचं काय करू?"

ताई, मी २२ वर्षं लातुरात मुलांच्या आहाराचं काम करते. काय खाऊ घालायचं हे तुमच्या सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. अवघड आहे ते "खाईल कसं", म्हणून तिथूनच सुरू करते.

पहिल्या भेटीला येणाऱ्या आयांना मी एकच काम सांगते. आठवडाभर लेकरानं जी जी पाकिटं खाल्ली त्यांचे कागद एका पिशवीत टाका, प्रत्येक कागदावर पेनानं वेळ लिहा आणि पिशवी घेऊन या. लपवू नका, मी रागावणार नाही. गेल्या पावसाळ्यात रेणापूरकडची एक आई अशी पिशवी घेऊन आली. टेबलावर ओतली तर २७ कागद निघाले. साडेपाच वर्षांचा मुलगा तिच्या मांडीवर बसून एकेक कागद उचलायचा आणि त्याचं नाव सांगायचा. वाचता येत नव्हतं, तरी एकही चुकला नाही. आईचा प्रश्न तुमच्यासारखाच होता, "मॅडम, यातलं कुठलं केमिकल जास्त वाईट?" मी म्हटलं, आधी वेळा वाचू. चार, सव्वाचार, चार, साडेचार, पावणेपाच... २७ पैकी १९ कागद चार ते पाचच्या मधले होते.

इतक्या पिशव्या पाहिल्यावर माझं मत ठाम झालंय की आपल्याकडं मुलांच्या पाकिटांचा प्रश्न मुळात चार वाजताच्या भुकेचा आहे. लेकरू शाळेतून येतं तेव्हा त्याला खरी, सणसणीत भूक लागलेली असते. आई शेतात नाहीतर नोकरीवर. दुरडीत सकाळची भाकरी गार झालेली, कालवण तिखटजाळ. दुकान चार पावलांवर, पाच रुपयांचं पाकीट दातानं टरकन फाटतं आणि खारट-आंबट-कुरकुरीत जिभेवर येतं. त्या पाकिटात पोट भरण्यासारखं फार नसतं, पण भूक मारण्यापुरतं तेल-मीठ नक्की असतं. मग रात्री आठला ताट पुढं आलं की लेकरू तोंड फिरवतं आणि आपण म्हणतो, "हा जेवतच नाही." तुम्ही पाकीट बंद केलंत, पण चार वाजता त्याच्या जागी काही ठेवलं नाहीत. लेकरू दोन दिवस उपाशी राहिलं ते त्यामुळं. चूक तुमचीही नाही आणि सासूबाईंचीही नाही. भुकेलं लेकरू समोर असताना आजीनं हात आखडता घ्यावा, ही अपेक्षाच अवघड आहे.

आता रसायनांचं. इथं मला दोन्ही बाजू सांगायच्या आहेत, कारण भीतीनं घर चालत नाही. पाकिटामागं जे आकडे असतात ते सगळेच विष नसतात. १०० म्हणजे हळदीतलं करक्यूमिन. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबात असतं तेच. ५०० म्हणजे खायचा सोडा. हे आकडे पाहून घाबरायचं कारण नाही. पण काही आकड्यांवर मी बोट ठेवते आणि ते आयांना पाठ करायला लावते: १०२, ११०, १२२, १२४. पहिले दोन पिवळे-नारिंगी रंग, नंतरचे दोन लाल. कायद्यानं हे रंग ठराविक पदार्थांत, ठराविक मर्यादेत चालतात. पण २००७ साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ३ वर्षांच्या आणि ८-९ वर्षांच्या मुलांना असे रंग आणि २११ हे परिरक्षक, म्हणजे सोडियम बेंझोएट, घातलेलं पेय देऊन पाहिलं, तेव्हा मुलांचा चंचलपणा वाढलेला दिसला. प्रत्येक मुलावर परिणाम सारखा नव्हता. तरीही २०१० पासून युरोपात त्यातले सहा रंग वापरले तर "मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर विपरीत परिणाम होऊ शकतो" अशा अर्थाचा इशारा पाकिटावर छापावा लागतो. आपल्या पाकिटांवर असा इशारा नसतो, म्हणून आकडा आपणच वाचायचा. दमा असलेल्या लेकरासाठी २२० ते २२८ हेही पाहा. ती सल्फाइटं आहेत आणि काही मुलांना त्यानं धाप लागते.

६२१ म्हणजे अजिनोमोटो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला ते नकोच. मोठ्या मुलाला ते कधीतरी पोटात गेलं तर आकाश कोसळत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ६२१, ६२७, ६३१ हे चव वाढवण्यासाठी असतात, आणि त्या भडक चवीची सवय लागलेल्या जिभेला घरचं वरण अळणी लागायला लागतं. डबा अर्धा परत येण्यामागं बऱ्याचदा हे कारण असतं.

आकड्यांच्याही आधी दोन गोष्टी वाचा. घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त असतं ते पहिलं लिहिलेलं असतं. "आटा" म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटात पहिलं नाव मैद्याचं असेल, तर ते मैद्याचंच बिस्कीट समजायचं. दुसरं, सोडियम. जेवढे मिलिग्रॅम सोडियम असेल त्याला अडीचनं गुणा, तेवढं मीठ. ९०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ. मोठ्या माणसानं दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लेकराला त्याहून कमी हवं. साखरेचा हिशोबही असाच आहे. तुमच्या मुलाच्या वयाला वरून घातलेली साखर दिवसाला चार चमच्यांच्या आसपास राहिली तर उत्तम, आणि आंब्याच्या नावाचं एक छोटं पेय एवढी साखर एकट्यानं पोटात घालतं.

आणि ज्याला लेबलच नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते. जत्रेतली गुलाबी "म्हातारीचे केस", केशरी भडक जिलेबी, शाळेच्या फाटकाबाहेरचा रंगीत गोळा. यात कोणता रंग किती घातलाय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आपल्या उदगीर-देगलूरच्या शेजारच्या कर्नाटकानं मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधल्या आणि कॉटन कँडीमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, कारण तपासलेल्या नमुन्यांत रोडामाइन-बी सापडलं होतं. हा कापड रंगवायला वापरतात तो रंग आहे. म्हणून माझ्या नियमात पाकिटापेक्षा उघड्यावरच्या भडक रंगाचा नंबर आधी लागतो. शाळेच्या आत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत असा २०२० चा नियम आहे. पालक सभेत हे बोलून दाखवा. बहुतेक शाळांना तो माहीतच नसतो.

आता चार वाजता काय ठेवायचं ते. इथं मी थोडी रमणार आहे.

सगळ्यात वर माझ्या यादीत ज्वारीच्या लाह्या. पाकिटातला जो कुरकुरीतपणा लेकराला हवा असतो, तो यात आहे. नागपंचमीला आपण लाह्या करतो आणि मग वर्षभर विसरून जातो. सासूबाईंना विचारा, त्यांचे हात अजून विसरले नसतील. टणक, गोल दाण्याची ज्वारी घ्यायची. उकळत्या पाण्यात थोडा वेळ टाकून उपसायची, रात्रभर फडक्यात घट्ट बांधून ठेवायची, सकाळी सावलीत पसरायची. दाण्याच्या आत ओल राहिली पाहिजे आणि वरून दाणा हाताला कोरडा लागला पाहिजे. मग लोखंडी कढई चांगली तापवून एका वेळी एकच मूठ टाकायची आणि फडक्याच्या बोळ्यानं हलवत राहायचं. कढई कमी तापली तर दाणे नुसते भाजून गणंग होतात, जास्त तापली तर करपतात. पहिली मूठ बहुधा वाया जाते, त्याचं मनाला लावून घेऊ नका. तडतड सुरू झाली की लेकरू आपोआप चुलीपाशी येतं. त्याला सुरक्षित अंतरावर बसवा आणि उडालेल्या लाह्या गोळा करायचं काम द्या. स्वतः गोळा केलेलं लेकरू खातंच. वरून चमचाभर तेलात हळद, जिरं, किंचित मीठ आणि सुकं खोबरं परतून त्यात लाह्या घोळल्या की चिवडा तयार. घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस टिकतो. चार वर्षांच्या आतल्या लेकरांना मात्र लाह्या किंवा अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांच्यासाठी लाह्यांचं पीठ करा आणि ताकात किंवा दुधात गुळासोबत कालवून द्या.

दुसरा शेंगदाण्याचा लाडू. शेंगदाणे भाजून, साल पाखडून, जाडसर कुटून, गूळ घालून वळायचा, बस. ३० ग्रॅम शेंगदाण्यात ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. ४ ते ६ वर्षांच्या लेकराला दिवसाला साधारण १६ ग्रॅम लागतात, म्हणजे दोन छोट्या लाडवांत निम्म्याच्या जवळ. दाणे निवडताना बुरशी धरलेला, काळपट, कडवट दाणा एकही ठेवू नका. त्या बुरशीचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही. हे विष नैसर्गिकच आहे हो. "नैसर्गिक" म्हटलं की सगळं चांगलं, असं नसतं. गुळाचंही तेच. पिवळाधमक, सोनेरी गूळ बहुतेक वेळा पावडर मारून उजळ केलेला असतो, त्यापेक्षा काळसर-तपकिरी ढेप घ्या. पण काळा असला तरी गूळ ही साखरच आहे. लाडवात दाणे जास्त, गूळ बांधण्यापुरता.

रोज लाडू-लाह्या दिल्या तर लेकरू कंटाळतं. म्हणून मध्ये सुशीला करा. चुरमुरे भिजवून पिळायचे, फोडणीत कांदा, शेंगदाणे, हळद, वरून डाळव्याची पूड, कोथिंबीर, लिंबू. दहा मिनिटांत होतो आणि आजीलाही जमतो. एखाद्या दिवशी धपाटं-दही. थंडीत हुरडा आणि बोरं, दिवाळीच्या आसपास बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ, जालन्याकडची मोसंबी. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक करता तेव्हा वाटीभर गरम चीक तूप घालून लेकरांना द्या, त्याची वाट लेकरं वर्षभर बघतात. आणि अगदी काहीच नसेल त्या दिवशी गार भाकरी कुस्करून त्यावर दही आणि शेंगदाण्याची चटणी. चटणीत तिखट कमी घातलेली एक वेगळी वाटी लेकरासाठी ठेवा. आपल्याकडं मुलं जेवत नाहीत त्याचं एक साधं कारण म्हणजे सगळं घर तिखट खातं आणि लेकराला वेगळं काढून ठेवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी आयांना छापील कागद द्यायचे. त्यावर ओट्स, पनीर, ब्रोकोली असं सगळं. एक दिवस तांड्यावरची एक बाई कागद परत माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "मॅडम, हे आमच्याकडं मिळत नाही. आमच्याकडं जवारी हाय, दाणे हायेत, तांदुळजा हाय. त्याचं सांगा की." त्या दिवशी तो कागद मी फाडला. तेव्हापासून घरात जे पोतं उघडं आहे तिथून सुरुवात करते. ज्वारी तर आपली आहेच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये "परभणी शक्ती" नावाचं वाण आणलं, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. शेत घरचं असेल तर एका पट्ट्यात पेरून बघा.

लोहाचं मुद्दाम सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. शंभरातली जवळपास ६९ लेकरं. त्यामुळं तुमच्या मुलाचा सकाळचा चहा मला पाकिटापेक्षा कमी खुपत नाही. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. चहा बंद करा, निदान जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर नको. त्याऐवजी दूध द्या, तेही नको म्हणाला तर ताकातल्या कण्या. पालेभाजीवर, वरणावर लिंबू पिळायची सवय लावा, लिंबानं लोह शोषायला मदत होते. भाजी लोखंडी कढईत करा.

रात्रीच्या जेवणाचं थोडक्यात. चारची भूक नीट भागली की आठची भूक वेळेवर येते, मग वेगळं काही करावं लागत नाही. उशिरा कामावरून आलात तर येसर हाताशी असू द्या. आपल्या आज्यांनी धान्य-डाळी भाजून दळून ठेवलेलं हे घरचं झटपट पीठच आहे. फोडणीत पाणी, त्यात येसर, उकळी आली की आमटी. लेकरांच्या येसराला मिरची निम्मी. वरणफळं आठवड्यातून एकदा, त्यात पालक चिरून.

आता घरात हे घडवून कसं आणायचं ते. पाकीट एकदम बंद करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त क्रम बदला. शाळेतून आला की आधी डबा, मग हवं तर पाकीट, तेही दोनऐवजी एक. डबा त्याच्या हाताला लागेल अशा फळीवर ठेवा. त्यावर त्याचं नाव लिहा आणि तो स्वतः उघडून घेऊ दे. दुसऱ्या आठवड्यात दहा रुपये देणं थांबवा आणि पाकिटाचा एक वार ठरवा, रविवार म्हणा. वार ठरला की रोजची हुज्जत संपते. तो "आज का नाही" म्हणेल, तुम्ही "रविवारी" म्हणायचं, एवढंच. तीन-चार दिवस रडारड होईल. त्या दिवसांत खाण्यावरून मारू नका, मागं धावून घास भरवू नका आणि "हे खाल्लंस तर चॉकलेट देईन" असंही म्हणू नका. असं म्हटलं की चॉकलेट बक्षीस ठरतं आणि भाकरी शिक्षा.

सासूबाईंना मात्र बंदी म्हणून काही सांगू नका. रेणापूरच्या त्या आईच्या सासूबाई मला भेटायला मुद्दाम आल्या होत्या, रागातच. म्हणाल्या, "लेकराला उपाशी ठेवू का मी?" मी म्हटलं, "उपाशी तर मुळीच ठेवू नका. मला तुमच्या हातच्या लाह्या शिकायच्यात." त्या तासभर बसल्या. कोणती ज्वारी फुटते, कोणती नाही, फडकं किती ओलं ठेवायचं, सगळं सांगितलं. वर लिहिलेली रीत त्यांचीच आहे. आज त्या घरात लाह्यांचा डबा त्यांच्या ताब्यात असतो आणि नातू चार वाजता हात पुढं करतो तो त्यांच्यापुढंच. दोन महिन्यांनी आईनं आणलेल्या पिशवीत ६ कागद होते.

यासोबत मुलाचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. तो माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खात असेल, सतत मरगळलेला असेल, पापण्यांच्या आतली बाजू फिकट दिसत असेल तर वाट पाहू नका, बालरोगतज्ज्ञांकडं जा. फक्त आहारावर विसंबून राहायची ती वेळ नसते, औषध लागतं. वर्षातून दोनदा शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चुकवू नका. पोटात जंत असले तर कितीही चांगलं खाल्लेलं अंगी लागत नाही.

राहिला वाढदिवस. केक आणा. त्याच्या मित्रांसमोर तो कापायचा त्याला हक्क आहे. फक्त बेकरीवाल्याला निळी-लाल फुलं आणि वरची जेली नको म्हणून सांगा, पांढऱ्या क्रीमवर आजीच्या हातचे डाळिंबाचे दाणे लावा. सोबत गव्हाची खीर करा, येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात करता तशीच, आणि सुशीला मोठ्या पातेल्यात. मित्रांना परत जाताना पाकिटांच्या पुड्याऐवजी एकेक शेंगदाण्याचा लाडू कागदात गुंडाळून द्या, आणि तो गुंडाळायचं काम आदल्या दिवशी चार वाजता त्याच्यावर सोपवा.